बैलाच्या पोटाखाली चार बोटं

८ जुलै, मंगळवार

ही वही करण सरांनी दिली, पाणी लिहायले. पाणी किती, नाल्यात उतरायचं कुठून अन् बाहेर निघायचं कुठून, एवढंच लिहायचं म्हणे. वहीले शंभर पानं आहेत. शंभर पानांचं पाणी आमच्या नाल्यात कधी झालं नसन, म्हणून उरलेल्या जागेत मी माहं लिहून राह्यलो.

दुपारी किन्हीराजाच्या फाट्यावर जीपमधून उतरलो, तिथून पायी घरी. मायनं दारातूनच विचारलं, "काढलं काय रे कामावरून?"

मी म्हणालो, नाही, कामासाठीच पाठवलं.

"कोनतं काम?"

"नाल्याचं पानी मोजायचं."

ती आत गेली अन् बाबाले म्हणाली, "काढलं."

खरी गोष्ट अशी. चार वर्षं झाली, मी कोलाडले राफ्टिंगच्या कॅम्पवर आहे. राफ्टमधी हवा भरतो, लाइफ जॅकेट धुतो, कांदे चिरतो. पाहुणे पाण्यातून चालले की काठानं दोरीची पिशवी घेऊन पळतो. कोणी पडलं तं पिशवी फेकायची, दोरी उलगडत जाते, त्यानं पकडायची. सगळे मले 'ए दोरी' म्हणतात. मले कयाकमधी बसायचं आहे. कयाक म्हणजे एका माणसाची लांबट होडी, कंबरेपर्यंत आत घुसायचं अन् दोन तोंडाचं वल्हं मारायचं. राफ्टच्या पुढं जो कयाकवाला राहते त्याले कोणी दोरी म्हणत नाही.

मे महिन्यात कॅम्पचे मालक करण सर पुण्याच्या दोस्तांसोबत बसले होते. नद्या झाल्या, आता छोटे नाले पाहिजेत म्हणे, खडकाचे, उताराचे, जिथं कोणी गेलं नाही असे. मी कांदे चिरता चिरता बोललो, "आमच्या गावचा घोगरनाला पाहा सर. म्हैस वाहून जाते." बोलायले काय लागते. सर म्हणाले, "मग जा आणि बघून ये. नाला चांगला निघाला तर तुला कयाकमध्ये घेतो. रोल येतो ना?"

"येते सर."

रोल म्हणजे कयाक उलटून डोकं पाण्यात गेलं की आतल्या आत कंबर झटकून परत सुलटं होणं. मी अकरा वेळा करून पाह्यला. अकराही वेळा मले दुसऱ्यानं ओढून काढलं. हे सरांना माहीत नाही, म्हणून इथं लिहून ठेवलं.

वही सरांनाच परत द्यायची आहे, हे लिहिल्यावर ध्यानात आलं.

९ जुलै, बुधवार

सकाळी नाल्यावर गेलो. लहानपणी केवढा होता तो. आज पाहतो तं उडी मारून पार करता येईन. मी आठवीत शाळा सोडली तवा जेवढा होतो, तेवढ्या उंचीवरून पाह्यलं तं कदाचित अजूनबी मोठा दिसत असन.

मधी काळे खडक आहेत, उतारबी आहे, एवढं खरं. मी ज्याले सरांपुढं रॅपिड, म्हणजे खडकावरून उसळतं पाणी, म्हणालो होतो, तिथं एक म्हैस बसली होती. वाहून जायचा तिचा काही विचार दिसला नाही.

पाणी: घोट्याइतकं.

मी फोन पाण्याले टेकवून खालून फोटो काढला. तसा काढला की वाटीतलं पाणीबी समुद्र दिसते. म्हैस बाजूले कापली. सरांचा लगेच उलटा मेसेज, "क्या बात है!" मले दिवसभर बरं वाटलं, मंग संध्याकाळी वाटलं नाही.

११ जुलै, शुक्रवार

काल एक बांबू घेतला, त्यावर करवतीनं खुणा केल्या अन् नाल्यात दगडात घट्ट रोवला. आज सकाळी बांबू नाही. वाहून गेला म्हणावं तं पाणी घोट्याइतकंच. घरी आलो तं मायच्या दोडक्याच्या वेलाखाली उभा. "चांगला बांबू बेकार उभा होता नाल्यात," माय म्हणे. "तुले पाह्यजे होता तं सांगाचं नं."

मंग गावात विचारलं, नाल्याले पाणी किती येते. जो तो म्हणते, कंबरभर. पण कोणाच्या कंबरेएवढं? प्रेमसिंग काका एवढे उंच, त्यायची कंबर माह्या छातीले लागन.

जेवताना बाबा आपणहून बोलले. बाबा माह्याशी शाळा सोडल्यापासून कामापुरतंच बोलतात, म्हणून सगळं लिहून घेतलं. म्हणे, नाल्याचं पाणी माणसावर नाही मोजत, बैलावर मोजतात. खुरावर असन तं पोरंसोरं जातात. गुडघ्याले लागलं तं बैलगाडी जाते. पोटाले लागलं की गाडी थांबवाची. पाठ ओली झाली तं त्या दिवशी घरी बसून सुतळी वळाची.

मी सांगितलं, सरांना सेंटिमीटरमधी पाह्यजे. बाबा उठले, टेप आणला, सोन्याचा पाय धरून उभे राह्यले. सोन्या गरीब बैल, त्यानं मोजू देलं. गुडघा ४१, पोट ७४. वहीत तक्ता केला. सरांना पाठवला, पण बैलाचं नाही लिहिलं. 'स्थानिक मोजपट्टी' असं लिहिलं.

१४ जुलै, सोमवार

आज मोठं काम झालं. नाल्यात उतरायले चांगली जागा एकच, वरच्या अंगाले चंपालाल शेटजीच्या संत्र्याच्या बागेतून. तिथं काठ उतरता आहे, होड्या खांद्यावरून नेता येतात. म्हणून मालेगावले त्यांच्या दुकानात गेलो. घर वरतीच आहे. शेटजीच्या घरच्या कंचनबाईनं पाणी देलं, उकळून गार केलेलं.

शेटजीनं सगळं शांतपणे ऐकलं. "किती मानसं?"

"पाच-सहा."

"बुटं घालून?"

"हो."

"काठानं शेवाळ असन तिथूनच जातीन?"

"तिथूनच जा लागते, शेटजी."

त्यांनी डोळे मिटले. मले वाटलं, हिशेब करून राह्यले. मंग म्हणे, "हरीओम, चौमासा लागला रे. ह्या दिवसांत ओल्या जमिनीवर पावलागनिक जीव असते. मी स्वतः बागेत नाही जाऊन राह्यलो. सालदारालेबी सांगतलं, पायवाट सोडू नको म्हनून."

मले वाटलं, गेलं काम.

"पन रामरावचा पोरगा तू, तुले नाही कसं म्हनू? कार्तिकी पौर्निमा होऊ दे. मंग पाच काय, पन्नास आन."

आतून कंचनबाई म्हणाल्या, "अन् जेवायले आपल्याच घरी आनजो समद्यायले. फक्त दिवस बुडायच्या आधी."

असे लोक राह्यले नाहीत आता. दुकानाच्या पायरीवरूनच सरांना कळवलं. परवानगी: भेटली, जेवणासकट.

१५ जुलै, मंगळवार

बाबाले सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला. "कार्तिकी पौर्निमेनंतर?"

"हो."

"घोगरनाल्यात?"

"हो नं."

बाबा हसले. इतके हसले की मायनं पाणी आणून देलं. "कार्तिकात तिथं बकऱ्या ऊन खात बसतात," बाबा म्हणे. "त्यायच्याच पाठीवर बसवजो तुह्या पाहुन्यायले."

मी नाल्यावर लहानाचा मोठा झालो अन् चार वर्षं पाण्याच्या धंद्यात काढली. कोलाडले धरणातून पाणी रोज ठरल्या वेळेले सुटते, त्यानं माहं डोकं नासलं. पाण्याले महिना असते हेच विसरलो.

थोड्या वेळानं बाबा म्हणे, "आपल्या वावरातून उतरव."

आमचं वावर बागेच्या खालच्या अंगाले आहे. मी म्हणालो, तिथं काठ उभा आहे, बाभळी आहेत, अन् रोही, म्हणजे नीलगाई, येऊ नये म्हणून तुम्ही नाल्यावरून काट्याची तार बांधली आहे ती वेगळीच. होडीतल्या माणसाच्या गळ्याच्या उंचीवर. ते हात धुवायले उठले. विषय संपला.

२० जुलै, रविवार

पाणी: खूर.

बाबा पाच दिवसांपासून कुऱ्हाड घेऊन नाल्यावर जातात. बाभळी तोडल्या, धुऱ्यापासून काठापर्यंत सोयाबीनच्या दोन ओळी उपटल्या. विचारलं तं म्हणे, बैलं पाण्यावर न्यायले वाट पाह्यजे. बैलं तं घरच्या हौदावर पितात. वय झालं की माणसाले असे काम सुचतात.

तारबी काढली. गंजली होती म्हणे. माय म्हणाली, मागच्या दिवाळीले नवी आणली होती. आता कोणावर विश्वास ठेवायचा?

३ ऑगस्ट, रविवार

पंधरा दिवसांसाठी आलो होतो, महिना होत आला. पाऊस नाही. सरांना दर दोन दिवसांनी 'वाट बघतोय' असं लिहितो. सर म्हणतात, घाई नाही. पाऊसकाळात कॅम्पवर सगळ्यात जास्त गर्दी राहते, अन् तरी सरांचं माह्यावाचून काही अडत नाही. हे मी आधीच समजायले पाह्यजे होतं.

संध्याकाळी ओट्यावर बाबांनी विचारलं, "हे नाल्याचं जमलं तं काय होईन?"

"कयाकमधी बसीन. मंग उन्हाळ्यात हिमाचललेबी काम भेटते. तिकडं अशा पोट्ट्यायले मागनी हाये."

"मंग गावाकडं?"

"येईन नं. दिवाळीले. जमलं तं."

"हं," म्हणाले अन् उठून गेले.

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी सकाळी टिकावाच्या आवाजानं झोपमोड. बाबा नाल्याच्या काठाले पायऱ्या खोदून राह्यले. सहा झाल्या, प्रत्येकीवर चपटा दगड. म्हणे, बैल घसरते. सोन्या पायरीवरून उतरताना मी तरी पाह्यला नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

तीन दिवस धो धो. आता वहीले अर्थ आला.

बाबा पहाटे पाचले नाल्यावर जाऊन येतात अन् दारातून मोठ्यानं सांगतात. काल 'पाठ'. आज सकाळी 'पोटावर एक वीत', दुपारी 'पोट', दिवस बुडता 'गुडघा'. मी अंथरुणातच लिहून घेतो. मीबी जाऊ शकतो, पण त्यायले बरोब्बर समजते तं आपण काहून लुडबुड करा?

त्यांनी समजावून देलं ते असं. वरच्या टेकड्यांवर पाऊस पडला की तीन घंट्यांनी पाणी इथं येते, अन् अर्ध्या दिवसात उतरते. म्हणजे पाहुणे आधीच गावात पाह्यजेत. पुण्याहून निघून पोचेपर्यंत नाला आटलेला राहीन. अन् बाहेर निघायचं ते रपट्याच्या, म्हणजे रस्त्याच्या बुटक्या पुलाच्या, अलीकडंच. रपट्याखाली पाणी जायले सिमेंटचे पाइप आहेत, होडी त्यात अडकली तं माणूस गेला. हे बाबांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा माह्या हातातून पेन घेऊन स्वतः लिहिलं: रपटा धोका.

सरांचा फोन, शनिवारी येतो, चार जण, मुक्कामी. फोन ठेवताना म्हणाले, "रोलची प्रॅक्टिस ठेवली आहेस ना?"

"हो सर." इथं माह्याजवळ कयाक नाही. रात्री खाटेवर उलटा पडून कंबर झटकली. खाट मोडली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. सोन्या अन् त्याचा जोडीदार रंगवून, झुली घालून गावात फिरवले. सगळे विचारतात, तुह्या नाल्याचं काय झालं. आता तो माहा झाला आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

हे आजच लिहितो.

काल रात्री पाऊस झाला. सर अन् तिघं आमच्याच घरी ओसरीत झोपले होते. पहाटे बाबांनी दारातून सांगितलं, "पोटाखाली चार बोटं." सर तक्ता पाहून म्हणाले, परफेक्ट. मंग म्हणाले, "पोटाखाली म्हणजे कुणाच्या?" आता लपवण्यात अर्थ नव्हता. सर सोन्याले भेटून आले.

वाट पाहून सर खुश. पायऱ्यांवर उभे राहून म्हणाले, "हरी, इतकी चांगली उतरायची जागा मी पैसे देऊन बांधलेल्या ठिकाणी पाहिली नाही. तू केलंस?"

मी म्हणालो, हो, म्हणजे घरच्यांनी. बाबा मागंच उभे होते, बैलं घेऊन. बैलं कायले आणले होते देव जाणे.

"तुझा नाला, तू पुढं चल," सर म्हणाले.

मी कयाकमधी बसलो. वाहत्या पाण्यात, चार वर्षांनी पहिल्यांदा. होडीच्या तोंडाले रबराचा पडदा लावतात, आत पाणी जाऊ नये म्हणून. त्याले स्कर्ट म्हणतात. तो कंबरेभोवती घट्ट बसला. पुढं नाला घोगरत होता, लाल पाणी, खडकावर पांढरा फेस. मले वाटलं, पाहून घेऊ, नाही उलटलो तं रोलचा प्रश्नच येत नाही.

बाबा खाली उतरले. सरांना म्हणे, "हे काय बांधून राह्यले त्याले?"

"स्कर्ट आहे काका."

"होडी उलटली तं पोट्टं बाहेर कसं निघन?"

"बाहेर निघायचंच नाही. आतूनच सुलटं व्हायचं. अगदीच नाही जमलं तर ही पट्टी ओढायची."

"अन् पट्टी हाती नाही आली तं?" बाबांनी सोन्याच्या मानेवर हात ठेवला. "आमी गाडी पान्यात घालाच्या आधी बैलाच्या मानेचे पट्टे सोडतो साहेब. गाडी गेली तं गेली. बैल पोहून निघते. बांधून कोनाले पान्यात नाही घालत."

"त्याला रोल येतो काका. सोपं आहे."

बाबांनी माह्याकडं पाह्यलं. "येते तुले?"

सरांना मी एकदा 'येते' अन् एकदा 'हो' म्हणालो होतो, दोन्ही वेळा कसं सुरसुर निघालं. आता मी स्कर्टची पट्टी चाचपत राह्यलो. बाकीचे तिघं वल्ही धरून थांबले होते. मले ती जागा पाह्यजे होती. आजबी पाह्यजे आहे.

"नाही येत," मी म्हणालो.

नाल्याचा आवाज मोठा, म्हणून बाबा सरांकडं वळून जोरानं म्हणाले, "नाही येत म्हन्ते तो."

सरांनी वाकून स्वतः माहा स्कर्ट सोडला. ओरडले असते तं बरं झालं असतं. "दोरी घे," एवढंच म्हणाले.

मी पिशवी घेऊन काठानं पळालो, अन् ते चौघं गेले. बाभळीच्या वळणावर काळा खडक आहे, तिथं एकाची होडी उलटली. बाबा माह्या मागंच होते. मी पिशवी उचलायच्या आत ते धोतरासकट पाण्यात गेले, कंबरेपर्यंत. तेवढ्यात तो माणूस रोल मारून वर आला, डोकं झटकलं अन् निघून गेला. बाबा तिथंच उभे. मी दोरी टाकली, ती त्यांनी धरली. चार वर्षांत दोरीनं काढलेला पहिला माणूस घरचाच निघाला.

रपट्याच्या अलीकडं सगळे बाहेर आले. वरपासून खालपर्यंत नऊ मिनिटं. दीड महिना मी नऊ मिनिटांसाठी लिहून राह्यलो होतो.

जेवण झाल्यावर सर म्हणाले, "नाला चांगला आहे. वही मात्र अजून चांगली आहे, वाचली मी." मी जमिनीकडं पाह्यलं. "खोटं बोलणाऱ्याच्या मागं मी पाहुणे सोडत नाही. ही जुनी कयाक ठेवून जातो. दिवाळीपर्यंत रोल आला तर कोलाडला ये, आल्या दिवशी कयाकमध्ये बसवतो. नाही आला तरी ये, कांदे आहेतच. पण मग मला परत विचारायचं नाही."

वहीबी इथंच ठेवून गेले.

२७ ऑगस्ट, बुधवार

तीन दिवस कयाक गोठ्यात पडून. मी तिच्याकडं पाहतच नाही. माय म्हणाली, "इथंच राह्य आता. वावर हाये, घर हाये." बाबा जेवून राह्यले होते. मले वाटलं, तेबी हेच म्हणतीन.

म्हणे, "तो उलटला तवा मी पाह्यलं. आधी डोकं नाही येत वर. आधी कंबर येते, डोकं शेवटी. तू डोकं आधी काढत असशीन."

मी डोकं आधीच काढतो. कॅम्पवर सगळ्यांनी सांगितलं होतं, पण तिथं सांगणारे सगळे माह्याहून लहान.

७ सप्टेंबर, रविवार

नाल्याच्या डोहात रोज सकाळी. पाणी बैलाच्या पोटाले, म्हणजे बाबाच्या कंबरेले. बाबा बाजूले उभे राहतात, मी उलटतो, ते ओढून काढतात. आज चौदा वेळा. नाकातोंडात सगळा नाला गेला. गावातले पोट्टे काठावर बसून मोजतात. काल एकानं शेंगदाणे आणले होते.

बाबाचं निंदण राह्यलं आहे. मी म्हणालो, तुमी वावरात जा, मी करतो एकटा. म्हणे, "बांधलेल्या मानसाले एकटं नाही सोडत." मंग विचारलं, "दिवाळीले दिवस किती राह्यले?"

मी म्हणालो, दीड महिना.

"मंग येईन तुले," म्हणे. "उलट पुन्हा."

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पाणी: पोटाखाली एक वीत. ऊन पडलं होतं.

सहाव्यांदा उलटलो. खाली सगळं हिरवं दिसते अन् कानात आवाज बंद होते. कंबर झटकली, डोकं खालीच ठेवलं, ठेवलं, ठेवलं. अन् एकदम ऊन. मी सुलटा, वल्हं हातात, होडी हलून राह्यली. काठावरचे पोट्टे उभे राह्यले.

बाबा दोन हात वर करून उभे होते, कोपरापर्यंत पाणी गळून राह्यलं होतं. "मी नाही लावला हात," आपणहून म्हणे.

"बाबा, मले पाठीखाली काहीतरी लागलं."

"मासा असन."

घोगरनाल्यात एवढा मोठा मासा मी तरी आजपर्यंत पाह्यला नाही.